अल्पाकाची लोकर आणि सरसकट भाव

गेल्या दोन-तीन महिन्यांत आमच्या सभासद-शेतकऱ्यांपैकीं कांहींनीं आमच्याकडे अशी पृच्छा केली आहे कीं, ‘अल्पाका’ नांवाचें जें लोकरीचें जनावर अलीकडे चित्रांतून व जाहिरातींतून वारंवार दृष्टीस पडतें, तें आपल्याकडील डोंगराळ मुलखांत पाळतां येईल किंवा कसें; आणि पाळतां आलें तर त्यापासून किफायत किती होईल. पृच्छा करणारे गृहस्थ विचारी आहेत, आणि नवीन जोडधंद्याच्या शोधांत असणें हें शेतकऱ्यास दूषण नव्हे, भूषणच आहे. त्यांस द्यावयाचें उत्तर एका ओळींत देतां येण्यासारखें आहे: पाळूं नये. परंतु तेवढेंच सांगून थांबलों, तर या जनावराच्या इतिहासांत जी गोष्ट आपणां शेतकऱ्यांनीं नीट समजून घेण्यासारखी आहे, ती तशीच राहून जाईल. म्हणून आज हा विषय जरा विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अल्पाका हा शब्द महाराष्ट्रास नवा नाहीं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं वकील, शाळामास्तर व कचेरींतील कारकून यांच्या अंगावर जो काळा, गुळगुळीत, किंचित् चकाकणारा कोट असे, त्यास अल्पाकाचा कोट म्हणत. आणि चांगल्या छत्रीचें कापडही त्या काळीं पुष्कळदां अल्पाकाचेंच असे. पुढें पुढें त्याच नांवाखालीं दुसऱ्या लोकरीचें आणि सुताचें मिश्र कापडही खपूं लागलें, ही गोष्ट निराळी. ज्यांनीं हयातभर तो कोट वापरला, त्यांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल कीं, ज्या जनावराची ती लोकर तें जनावर पृथ्वीच्या अगदीं दुसऱ्या बाजूस, सह्याद्रीच्या कळसूबाईहून दुप्पट-तिप्पट उंचीवर चरत असतें.

अल्पाका हें उंटाच्या कुळांतील जनावर असून त्याची मूळ भूमि दक्षिण अमेरिकेंतील आंदीज पर्वताचें पठार ही होय. पेरू, बोलिव्हिया व चिली या देशांत समुद्रसपाटीपासून सुमारें ३,५०० ते ५,००० मीटर उंचीवर जें उघडें, थंडगार, गवताळ पठार आहे, त्यास तेथील लोक ‘पुना’ म्हणतात. (आपल्या पुण्याशीं या नांवाचा कांहींएक संबंध नाहीं.) तेथें दिवसा कडक ऊन आणि रात्रीं हिंव, झाड बहुधा नाहींच. पठाराच्या वरच्या भागांत कोणतेंही पीक हातीं लागत नाहीं, आणि खालच्या कडेस बटाटा व तशींच दोन-चार चिवट पिकें कशींबशीं येतात. ‘इचू’ नांवाचें राठ गवत आणि झऱ्यांच्या कांठची पाणथळ कुरणें, एवढीच काय ती तेथील संपत्ति. अशा जागीं मनुष्यास राहावयाचें असेल, तर गवतापासून वस्त्र, मांस, जळण आणि खत देणारें जनावर त्यास पाहिजे. अल्पाका हें सर्व देतो.

पूर्ण वाढलेल्या अल्पाकाचें वजन साधारणपणें ५५ ते ८० किलो भरतें. त्याच्या पायांस गाई-म्हशींसारखे कठीण खूर नसतात, खालीं मऊ गादी असते; त्यामुळें ओल्या कुरणांतून कळप गेला तरी जमीन फारशी उखडत नाहीं. गवतही तो मुळासकट उपटीत नाहीं, दांतांनीं कापून खातो. मादी सुमारें साडेअकरा महिने गाभण राहते आणि एका वेळीं एकच पिल्लूं देते; तें बहुतकरून सकाळच्या प्रहरीं जन्मतें, म्हणजे रात्रीचें हिंव पडण्यापूर्वीं त्यास वाळून उभें राहण्यास अवधि मिळतो. शेतकऱ्यास विशेष आवडेल अशी त्याची एक खोड म्हणजे सगळा कळप ठरलेल्या एका जागींच लेंड्या टाकतो. त्या गोळा करण्यास श्रम नाहींत. वाळवून चुलींत घालाव्या, नाहींतर बटाट्याच्या शेतास घालाव्या. लोकर उतरण्याच्या दृष्टीनें अल्पाकाच्या दोन जाती आहेत. एक ‘वकाया’, हिची लोकर फुगीर व कुरळी. आणि दुसरी ‘सूरी’, हिची लोकर रेशमासारख्या लांब पिळदार बटांनीं खालीं लोंबते. सूरी फार थोड्या, वकायाच पुष्कळ.

लोकरीचा बारीकपणा ‘मायक्रॉन’ या मापानें मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आंकडा जितका लहान, तितकी लोकर तलम. अल्पाकाच्या लोकरींत मेंढीच्या लोकरीच्या मानानें मेण-तुपकटपणा फारच थोडा, म्हणून धुतल्यावर तिचें वजन कमी घटतें. तिच्या तंतूवरील खवले बसके असतात, म्हणून ती अंगास टोंचत नाहीं आणि चकाकते. शिवाय पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, मध्यें तपकिरी, करडे, बदामी असे अनेक नैसर्गिक रंग तींत आहेत.

आतां हें जनावर मनुष्याच्या हातीं कसें आलें तें पाहूं. आंदीजमध्यें उंटाच्या कुळांतील दोन रानटी प्राणी आहेत: मोठा ग्वानाको आणि लहान, नाजूक विकुन्या. ग्वानाकोपासून ओझें वाहणारा लामा निघाला. अल्पाकाविषयीं मात्र पंडितांत दीर्घकाळ मतभेद होता; लामाचीच ती एक पोटजात असें पुष्कळ जण मानीत. सन २००१ मध्यें आनुवंशिक द्रव्याची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हां अल्पाका हा विकुन्याचा वंशज होय असें ठरलें, आणि त्यास अनुसरून त्याचें शास्त्रीय नांवही बदललें. पेरूच्या हुनीन प्रांतांतील तेलारमाचाय नांवाच्या कपारींत उत्खनन झालें, तेथील हाडांवरून व दांतांच्या घडणीवरून सुमारें सहा हजार वर्षांपूर्वीं हें जनावर माणसाळलें होतें असें अनुमान निघालें. त्या कपारींत नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचीं हाडें पुष्कळ सांपडलीं. शिकाऱ्यानें मारलेल्या जनावरांत इतकीं नवजात पिल्लें असत नाहींत. घाणेरड्या, चिखलट वाड्यांत कोंडलेल्या कळपांतील पिल्लांस हगवणीचा सांथरोग होऊन तीं मेलीं असावीं, असा त्याचा अर्थ तज्ज्ञांनीं लावला. म्हणजे मनुष्यानें जनावर पाळावयास घेतलें आणि त्याच दिवसापासून गोठ्याच्या स्वच्छतेचा प्रश्नही त्याच्यापुढें उभा राहिला! आमच्या कांहीं सभासदांच्या गोठ्यांत तो अजून सुटलेला नाहीं, हें आम्ही स्नेहभावानें नमूद करितों.

पुढें हजारों वर्षें या लोकांनीं लोकरीची पैदास किती कसोशीनें केली, याची साक्ष त्यांचीं वस्त्रें देतात. पेरूच्या किनाऱ्यावरील पाराकास येथें सन १९२७ मध्यें हुलिओ तेल्यो या पेरूच्याच पुरातत्त्ववेत्त्यानें प्रेतांभोंवतीं गुंडाळलेलीं शेंकडों वस्त्रें उघडकीस आणलीं. तीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचीं असून त्यांवरील लोकरीचें भरतकाम आणि त्याचे रंग आजही पाहणाऱ्यास थक्क करितात. इंका राज्यांत तर वस्त्र हेंच धन होतें. सैनिकास वेतन म्हणून वस्त्र, सरदारास मान म्हणून वस्त्र, देवास नैवेद्य म्हणूनही वस्त्रच अग्नींत टाकीत. अत्यंत तलम, दोन्ही बाजूंस सारखें दिसणारें ‘कुम्पी’ कापड विणण्यासाठीं निवडक विणकर पुरुष आणि मठांत ठेवलेल्या स्त्रिया असत. राज्याचे कळप, देवस्थानांचे कळप आणि गांवचे कळप वेगवेगळे. जनावरें रंगाप्रमाणें वेगळीं काढून त्यांचे कळप करीत, आणि त्यांची मोजदाद दोरीस मारलेल्या गांठींच्या वहीवर ठेवीत. रानटी विकुन्यांस ठराविक वर्षांनीं हांका घालून पकडीत, लोकर कातरून पुन्हां सोडून देत. त्यांची लोकर राजघराण्याची.

वस्त्राहूनही बळकट असा एक पुरावा आहे, आणि आमच्या मतें या सगळ्या इतिहासांतील महत्त्वाची गोष्ट तीच. दक्षिण पेरूच्या मोकेग्वा खोऱ्यांत एल यारल या ठिकाणीं इंकांच्याही पूर्वीं, सुमारें नऊशें ते हजार वर्षांमागें, लोकांनीं लामा व अल्पाका बळी देऊन घरांच्या जमिनीखालीं पुरले होते. तो मुलूख इतका कोरडा कीं, तीं जनावरें कातडें-लोकरीसह जशींच्या तशीं वाळून राहिलीं. डॉ. जेन व्हीलर व त्यांचे सहकारी यांनीं त्यांची लोकर मोजली आणि सन १९९५ मध्यें प्रसिद्ध केली. त्यांतील उत्तम अल्पाकांच्या लोकरीची जाडी सरासरीनें १७.९ मायक्रॉन भरली. आणि तीही सर्व अंगावर बहुतेक एकसारखी, जाड राठ केंसांचा भेसळपणा नाममात्र. आजच्या पेरूंतील सामान्य कळपाची लोकर २५ मायक्रॉनांच्या पुढेंच जाते, आणि एकाच जनावराच्या अंगावर बारीक व जाड यांची सरमिसळ असते. म्हणजे हजार वर्षांत शास्त्र वाढलें, यंत्रें वाढलीं, पण हातांतील जनावर उतरलें. आमच्यापैकीं जे ‘जुनें तें अडाणी’ असें समजतात, त्यांनीं या एका आंकड्यापाशीं जरा थांबावें.

जनावर उतरलें कशानें? पहिलें कारण उघड आहे. सन १५३२ मध्यें स्पॅनिश लोक पेरूंत आले. त्यांच्याबरोबर मेंढ्या, गुरें, शेळ्या आल्या आणि चांगलीं कुरणें त्यांनीं व्यापलीं. सन १५४४-४५ च्या सुमारास खरजेची भयंकर सांथ आली आणि कळपच्या कळप मेले. इंका मातेच्या पोटीं जन्मलेला इतिहासकार गार्सिलासो यानें तिचें वर्णन करून ठेविलें आहे. सन १५४५ मध्यें पोतोसी येथें चांदीची खाण लागली. तेथें ओझ्यासाठीं लामा खपले आणि वेठीस धरलेलीं माणसेंही खपलीं. पहिल्या शतकाभरांत या जनावरांपैकीं सुमारें नव्वद टक्के नाहींशीं झालीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जीं उरलीं तीं, जेथें मेंढी टिकत नाहीं अशा उंच, थंड, नापीक टोंकावर ढकललीं गेलीं. मेंढपाळ गेला, त्याच्याबरोबर निवड करण्याची विद्या गेली, गांठींची वही गेली. उरलेले लामा आणि अल्पाका एकाच कळपांत मिसळले आणि त्यांचा संकर झाला. आजच्या अल्पाकांपैकीं बहुतेकांच्या रक्तांत लामाचा अंश आहे, हें सन २००१ च्या त्याच तपासणींत आढळून आलें.

परंतु एवढ्यावर सर्व दोष स्पॅनिश तरवारीवर टाकून मोकळें होणें बरोबर नव्हे. बिघडलेली जात पुन्हां सुधारतां येते. त्यास शंभर वर्षें पुरेशीं आहेत, आणि मध्यें तर तीनशें वर्षें गेलीं होतीं. शिवाय एकोणिसाव्या शतकांत अल्पाकाच्या लोकरीस जगाची बाजारपेठ मिळाली. मग त्या काळांत तरी जात कां सुधारली नाहीं?

बाजारपेठ मिळाली ती अशी. सन १८३६ मध्यें इंग्लंडांतील ब्रॅडफर्डचा टायटस सॉल्ट हा तरुण लोकरवाला लिव्हरपूलच्या बंदरांत गेला असतां एका वखारींत अल्पाकाच्या लोकरीचीं पोतीं पडून राहिलेलीं त्यास दिसलीं. ती लोकर कोणी घेईना. त्यापूर्वीं एक-दोघांनीं ती कातून पाहिली होती, पण धंदा असा बसला नव्हता. सॉल्टनें मूठभर लोकर नेऊन प्रयोग केले आणि मग सगळा माल उचलला. उभा धागा कापसाचा आणि आडवा अल्पाकाचा, अशी योजना करून त्यानें हलकें, चकाकतें व टिकाऊ कापड काढलें. इंग्लंडच्या राणीनें आपल्याजवळच्या दोन अल्पाकांची लोकर त्याच्याकडे विणावयास पाठविली, तेव्हां तर त्या कापडाची चालच पडली. सन १८५३ मध्यें त्यानें आयर नदीच्या कांठीं प्रचंड गिरणी उघडली व भोंवतीं कामगारांसाठीं घरें, शाळा, दवाखाना यांसह सॉल्टेर नांवाचें गांव वसविलें. तें गांव सन २००१ पासून जागतिक वारशांत गणलें जातें. गिरणी १९८६ मध्यें बंद पडली. आमचे आजोबा जो कोट घालीत त्याची जन्मकथा ही.

पैसा झाला, यांत शंका नाहीं. पण तो ब्रॅडफर्डास झाला, आणि दक्षिण पेरूंतील आरेकीपा शहरांतील पेढ्यांस झाला. त्या पैशाच्या लोभानें मोठ्या जमीनदारांनीं पुनो भागांतील गांवांचीं सामाईक कुरणें गिळंकृत केलीं, त्यांतून दंगेही झाले. १९१५-१६ मधील रुमी माकी याच्या नांवाचें बंड त्यांपैकींच. पेरूनें जिवंत अल्पाका देशाबाहेर नेण्यास बंदी केली होती. ती चुकवून चार्ल्स लेजर नांवाच्या इंग्रजानें डोंगरांमागून डोंगर ओलांडीत एक कळप चिलीच्या किनाऱ्यास आणला आणि १८५८ मध्यें अडीचशांवर जनावरें ऑस्ट्रेलियांत सिडनीस उतरविलीं. तेथें कांहीं वर्षांतच तो प्रयोग फसला. याच लेजरनें पुढें १८६५ मध्यें सिंकोनाचें उत्तम बीं बोलिव्हियांतून बाहेर काढलें. त्यावर जावांतील डच लोकांचा कोयनेलाचा धंदा उभा राहिला, आणि तें बीं जमवून देणारा त्याचा इंडियन सोबती मानुएल इंक्रा मामानी हा मात्र तुरुंगांत मार खाऊन प्राणास मुकला. असो. विषयाकडे वळतों.

एवढी मागणी असतां जात न सुधारण्याचें कारण एकच, आणि तें आपल्या ओळखीचें आहे. पेरूंत बहुतांश लोकर शेतकऱ्याच्या दारांत सरसकट वजनानें विकली जात आली. तेथील भाषेंत या पद्धतीस जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘झाडून सगळी’ असा होतो. दलाल येतो, पोतें तराजूवर टाकतो, वजनाचे पैसे देतो आणि जातो. पोत्यांत १८ मायक्रॉनांची लोकर आहे कीं ३२ ची, हें तो शेतकऱ्यास विचारीत नाहीं. पण विचारीत नाहीं म्हणून ती पाहिली जात नाहीं असें नाहीं. आरेकीपाच्या वखारींत अनुभवी स्त्रिया केवळ बोटांच्या स्पर्शानें त्याच लोकरीच्या प्रती वेगळ्या करितात. पेरूच्या प्रमाणाप्रमाणें २३ मायक्रॉनांपर्यंतची ती ‘बेबी’, २६.५ पर्यंतची ‘फ्लीस’, २९ पर्यंतची ‘मध्यम’, ३१.५ पर्यंतची ‘वारिसो’ आणि त्यापुढील ती जाडी. (‘बेबी अल्पाका’ म्हणून जें महाग कापड दुकानांत मिळतें, तें लहान पिल्लाच्या लोकरीचें असतें असा पुष्कळांचा समज आहे, तो चुकीचा. तें केवळ बारीकपणाच्या प्रतीचें नांव.) पहिल्या व शेवटच्या प्रतीच्या भावांत मोठें अंतर असतें. तें अंतर वखारींत उत्पन्न होतें आणि वखारींतच राहतें.

आतां याचा परिणाम कळपावर काय होतो तें पाहावें. जाड लोकर वजनास भारी, बारीक लोकर हलकी. वय वाढेल तसतशी अल्पाकाची लोकर जाड होत जाते. वजनावर पैसे मिळत असतील तर म्हातारें, जाड लोकरीचें जनावर काढून टाकण्याचें शेतकऱ्यास काय कारण? बारीक लोकरीचा नर मुद्दाम शोधून आणण्याचा खर्च त्यानें कां सोसावा? उलट ज्याच्या अंगावर वजन अधिक निघतें तोच नर तो पैदाशीस ठेवील, आणि व्यवहारदृष्ट्या त्याचें चुकणारही नाहीं. येणेंप्रमाणें पिढ्यान् पिढ्या तराजूनेंच निवड केली. रंगांचीही तीच कथा. गिरणीस पांढरी लोकर हवी, कारण तिला पाहिजे तो रंग देतां येतो. म्हणून रंगीत जनावरास भाव कमी, म्हणून रंगीत नर कमी. ज्या रंगांसाठीं इंका लोक वेगळे कळप ठेवीत, त्यांपैकीं कांहीं शुद्ध स्वरूपांत मिळणें आज दुर्मिळ झालें आहे. सन २०१२ च्या कृषिगणतींत पेरूमध्यें सुमारें ३६ लाख अल्पाका मोजले गेले. त्यांत पांढऱ्यांचेंच प्राबल्य.

याच पेरूंत उलट उदाहरणही आहे. माकुसानीजवळील आपल्या आक्कोयो नांवाच्या शेतावर हुलिओ बर्रेदा यांनीं गेल्या शतकाच्या मध्यापासून एकेक जनावर हातानें तपासून, दाट व बारीक अशी दोन्ही गुणांची निवड चालविली आणि त्यांच्या कळपाचें नांव जगभर झालें. म्हणजे जात सुधारणें अशक्य नव्हतें. फक्त त्यास पदरची जमीन आणि वाट पाहण्याची ऐपत लागत होती. दहा-वीस जनावरांच्या धन्यापाशीं ती कोठून येणार?

हें वाचून आमच्या वऱ्हाड-खानदेशांतील वयोवृद्ध वाचकांस आपल्या घरची गोष्ट आठवली असेल. हिंगणघाटची ‘बनी’ कपाशी एके काळीं लांब, बारीक धाग्यासाठीं मुंबईपासून लिव्हरपूलपर्यंत नांवाजलेली होती. परंतु पेठेंत धाग्याची लांबी कोणी मोजीना. सरकी काढल्यावर रुई किती उतरते एवढेंच पाहत. मग विसाव्या शतकाच्या आरंभीं आंखूड, राठ धाग्याची पण उताऱ्यास भारी ‘रोझियम’ कपाशी पसरली आणि बनी मागें पडली. कृषिखात्यानें आधीं रोझियमचा पुरस्कार केला तो शेतकऱ्याच्या हिताच्या दृष्टीनेंच, कारण त्या भावांत तीच किफायतशीर होती! सरमिसळ थांबविण्यासाठीं सरकारास पुढें १९२३ मध्यें कापसाच्या वाहतुकीचा कायदा करावा लागला. त्या वेळच्या शेतकऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. पुनोच्या शेतकऱ्यासही देत नाहीं. भाव ज्या गुणास मिळतो तोच गुण शेतांत व गोठ्यांत वाढतो. आणि भाव ठरविणें दोघांच्याही हातीं नव्हतें.

आतां आमच्या सभासदांच्या मूळ प्रश्नाकडे येतों. अल्पाका थंड, कोरड्या उंचीचें जनावर आहे. दमट उष्म्यानें त्यास बाधा होते. आपल्या घाटमाथ्यावरील पावसाळा आणि देशावरील वैशाख, दोन्ही त्यास सारखेच प्रतिकूल. परदेशचीं जिवंत जनावरें सरकारी परवानगीशिवाय आणतां येत नाहींत. १८९८ पासून तसा कायदाच आहे. आणि हें सर्व साधलें, तरी लोकर घेणार कोण? ती धुणारी, कातणारी गिरणी आपल्याकडे या मालासाठीं नाहीं. दरसाल दर जनावरामागें दोन-तीन किलो लोकर घेऊन तो शेतकरी पुन्हां दलालाच्याच दारांत उभा राहील.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनुभव तर डोळ्यांत अंजन घालणारा आहे. तेथें १९८४ पासून अल्पाका व्यापारी रीतीनें येऊं लागले. नोंदणी-संस्थेनें १९९८ नंतर बाहेरच्या जनावरांची नोंद बंद केली, तेव्हां आंतील जनावरांच्या किंमती भडकल्या. एकेका मादीस हजारों डॉलर मोजून लोक घेत, आणि तिचीं पिल्लें नव्या हौशी माणसास विकत. लोकरीचा हिशेब कोणी करीना. सन २००७ मध्यें कॅलिफोर्निया विद्यापीठांतील टीना सैटोन व रिचर्ड सेक्स्टन या दोघां अर्थशास्त्र्यांनीं तो केला आणि स्पष्ट लिहिलें कीं, लोकरीच्या उत्पन्नावर या किंमती मुळींच टिकणाऱ्या नाहींत, हा केवळ सट्टा आहे. २००८ च्या मंदीनंतर तो फुगा फुटला. हजारोंस घेतलेलीं जनावरें नाममात्र किंमतीस, कधीं फुकटही, देऊन टाकावीं लागलीं. आपल्याकडे सशांच्या, ईमूंच्या नांवानें जें झालें तें ज्यांनीं सोसलें आहे, त्यांस अधिक सांगणें नको.

पेरूंत अलीकडे कांहीं सहकारी मंडळ्यांनीं गांवांतच संकलन-केंद्रें काढून, तेथील स्त्रियांस प्रतवारी शिकवून, प्रतीप्रमाणें वेगळा भाव देण्याचा उपक्रम चालविला आहे. संयुक्त राष्ट्रांनीं २०२४ हें वर्ष उंटकुळांतील प्राण्यांचें वर्ष म्हणून पाळलें, त्या निमित्तानेंही या प्रश्नाकडे थोडें लक्ष वेधलें गेलें. या मंडळ्यांपुढील अडचण साधी आहे. मंडळी लोकर विकून मग पैसे देते. दलाल आजच रोख देतो. ज्याच्या घरीं उद्यां लग्न किंवा आजार आहे, तो दलालाकडेच जाणार. म्हणून जेथें मंडळीनें माल येतांच निम्मी उचल देण्याची सोय केली तेथेंच प्रतवारीचें पुढचें बोलणें निघूं शकतें, असें आमचें मत आहे.

आमच्या संघाच्या गोदामांत आज काय चालतें? कपाशी असो, तूर असो, हळद असो. निवडलेला माल आणि तसाच भरलेला माल एकाच थप्पीवर जातो, व दोन्हीस तोच भाव मिळतो. दख्खनी मेंढीच्या लोकरीची तर गोष्टच सोडा; तिची कातरणीची मजुरीही बहुत ठिकाणीं सुटत नाहीं. ज्या सभासदानें गेल्या सालीं मजूर लावून माल निवडला, त्यानें या सालीं तो निवडला नाहीं, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. येत्या वार्षिक सभेपुढें आम्ही अशी सूचना ठेवणार आहों कीं, या हंगामापासून निदान हळदीच्या तीन प्रती गोदामाच्या दारांतच, सभासदासमक्ष, वेगळ्या वजन कराव्या. पावतीवर प्रतीचा उल्लेख असावा. आणि पहिल्या प्रतीस निम्मी उचल त्याच दिवशीं द्यावी. उचलीसाठीं रक्कम कोठून उभी करावयाची, हा खरा वादाचा मुद्दा आहे, आणि त्यावर सभासदांनीं सभेपूर्वीं आमच्याकडे लेखी सूचना पाठवाव्या, अशी विनंती आहे.